चार सत्रं शिकलेला गिरणीवाला

स्मरणिकेसाठी लेख मागताना संयोजकांनी "शाळेची एखादी आठवण लिही" असं सांगितलं होतं. आठवणी बरेच जण लिहितील आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मी एका पवनचक्कीचा इतिहास लिहायचं ठरवलं आहे. ती इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहराच्या कडेला आहे. तिचा गिरणीवाला जेमतेम चार सत्रं शाळेत गेला होता. आणि आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी इंजिनिअरिंग किंवा गणित घेऊन बी.एस्सी. केलं, त्या सगळ्यांनी त्याचं नाव परीक्षेच्या पेपरात लिहिलेलं आहे. आपल्या स्नेहमेळाव्याशी त्याचा काय संबंध, ते शेवटी सांगते.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी गणिताच्या तिसऱ्या पेपरात, ज्याला आम्ही 'एम-थ्री' म्हणायचो, तीन प्रमेयं असायची : ग्रीनचं, स्टोक्सचं आणि गॉसचं. एकावर तरी प्रश्न हमखास. ही माणसांची नावं आहेत हे माहीत होतं, पण माणसं म्हणून ती कधी डोळ्यांपुढे आली नाहीत. पुढे कामानिमित्त काही आठवडे नॉटिंगहॅमला राहिले. तिथल्या एका सहकाऱ्यानं सहज विचारलं, "ग्रीनची गिरणी पाहिलीस का?" मी म्हटलं, "कोण ग्रीन?" तो हसून म्हणाला, "अगं, तुझा प्रमेयवाला."

रविवारी गेले. टेकडीवर विटांचा गोल मनोरा, त्यावर टोपी, टोपीला चार लांब पाती, आणि खाली तिथंच दळलेल्या पिठाच्या पिशव्या विकायला ठेवलेल्या. एक पिशवी घेतली आणि त्या रात्री ग्रीनच्या गिरणीच्या पिठाच्या पोळ्या केल्या. त्यानंतर या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेले.

जॉर्ज ग्रीनच्या वडिलांचं नावही जॉर्ज ग्रीनच. नॉटिंगहॅममध्ये त्यांची बेकरी होती. मुलाचा बाप्तिस्मा १४ जुलै १७९३ रोजी झाला. त्याच वर्षी इंग्लंड आणि फ्रान्सचं युद्ध जुंपलं आणि मधली थोडी उसंत सोडली तर पुढची वीसेक वर्षं ते चालूच राहिलं. त्यात पिकं बुडाली की गव्हाचे भाव गगनाला भिडायचे. १८०० साली नॉटिंगहॅममध्ये पावासाठी दंगली झाल्या. लोकांचा राग धान्याच्या व्यापाऱ्यांवर, गिरणीवाल्यांवर आणि बेकरीवाल्यांवर. बेकरी असूनही पिठासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागत असेल, तर त्या काळात धंदा करणं अवघडच. वडील हिशेबी होते. १८०७ मध्ये त्यांनी शहराच्या पूर्वेला, स्नेंटन गावाच्या टेकडीवर स्वतःची चक्की बांधली.

इंग्रजी स्पेलिंग पाहिलं तर आपण 'स्नाइंटन' वाचू, पण तिथले लोक 'स्नेंटन' म्हणतात. तेव्हा ते वेगळं खेडं होतं. नॉटिंगहॅमच्या भोवतीच्या सामाईक जमिनींवर १८४५ पर्यंत बांधकामाला वाव नव्हता. त्यामुळे शहर आतल्या आत दाटत गेलं आणि भोवतीची स्नेंटनसारखी खेडी फुगत गेली. खाणारी तोंडं जवळ, टेकडीवर वारा भरपूर. जागा अचूक निवडलेली होती.

अशी चक्की आतून कशी चालते ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण तिथं गेल्यावर तासभर मी वर-खाली जिन्यांवरच होते. पाती वाऱ्यानं फिरतात ती जवळजवळ आडव्या दांड्यावर. त्या दांड्यावरचं मोठं दातेरी चाक टोपीच्या आत असतं. ते दुसऱ्या चाकात अडकून मनोऱ्याच्या मधोमध उभा असलेला जाड दांडा फिरवतं, आणि त्या उभ्या दांड्यावरून दळणाच्या दगडांना गती मिळते. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता, आपल्या जात्यासारखंच. फरक एवढाच, की एकेक दगड सुमारे चार फूट व्यासाचा आणि टनाच्या आसपास वजनाचा. पोती चक्कीच्याच जोरावर दोरानं सगळ्यांत वरच्या मजल्यावर ओढून घेतात. तिथून धान्य उताराने दगडांवर आणि पीठ आणखी खालच्या मजल्यावरच्या पोत्यात. दगड गुळगुळीत झाले की उचलून त्यांना टाकी लावायची. आपल्या आज्यांना दारावर येणारे टाकीवाले आठवत असतील. काम तेच, फक्त दगड उचलायला यारी लागते.

दगडांत धान्य थोडं थोडं पडावं म्हणून एक दांडी सारखी कटकट करत वरच्या पेटीखालची पन्हळ हलवत राहते. इंग्रज गिरणीवाल्यांनी या दांडीला 'डॅमझेल' म्हणजे तरुण पोर असं नाव दिलं, कारण तिचं तोंड बंद होत नाही म्हणे. नावं ठेवणारे कोण होते ते यावरून कळावं.

मला सगळ्यांत आवडले ते दोन स्वयंचलित भाग. वारा दिशा बदलतो तेव्हा पात्यांनाही त्याच्याकडे तोंड करावं लागतं. पूर्वी हे काम माणूस किंवा घोडा करायचा. १७४५ मध्ये एडमंड ली यानं टोपीच्या मागच्या बाजूला एक लहान पंखा बसवण्याचं पेटंट घेतलं. मोठी पाती वाऱ्यासमोर असतील तर या पंख्याला वारा लागत नाही. वारा कडेनं आला की पंखा फिरतो आणि दातेरी चाकांवरून सगळी टोपीच वळवत नेतो. पाती पुन्हा वाऱ्यासमोर आली की आपण होऊन थांबतो. दुसरा भाग दगडांमधल्या फटीचा. वारा वाढला की वरचा दगड जोरात फिरतो, फट वाढू पाहते आणि पीठ भरड पडतं. त्यासाठी फिरत्या दांड्याला दोन जड गोळे टांगलेले असतात. वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात आणि तरफेनं फट पुन्हा कमी करतात. जेम्स वॅटनं १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर बसवलेला प्रसिद्ध 'गव्हर्नर' धान्याच्या गिरण्यांतूनच आला. इंजिनिअरिंगला 'फीडबॅक' हा शब्द शिकण्यासाठी आम्ही सहा महिने घालवले. इथल्या गिरणीवाल्यांना तो शब्द माहीत नव्हता, पण वस्तू त्यांच्या डोक्यावर रोज फिरत होती.

वाऱ्याला रात्र-दिवस नसतो. वारा आहे तेव्हा दळायचं, मग ती पहाटेची दोनची वेळ का असेना. वादळाची चाहूल लागली की पाती आवरायची, नाहीतर पाती तुटायची किंवा लाकडी चाकं घासून आग लागायची. दगड कोरडे फिरू द्यायचे नाहीत. अशा कामाला जाणकार माणूस लागतो. ग्रीनच्या वडिलांनी विल्यम स्मिथ नावाचा व्यवस्थापक नेमला. मुलाला चक्की शिकवली ती या स्मिथनं.

आता मुलाच्या शाळेकडे येऊ. मार्च १८०१ मध्ये, आठव्या वर्षी, त्याला रॉबर्ट गुडेकर यांच्या शाळेत घातलं. (हे आडनाव कोकणातलं वाटलं तरी माणूस अस्सल इंग्रज होता.) गुडेकरांना विज्ञानाची आणि गणिताची मनापासून आवड होती, अंकगणितावर त्यांनी स्वतः पुस्तकही लिहिलं. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात ग्रीनची शाळा संपली. एकूण चार सत्रं. नऊ वर्षांचा मुलगा बेकरीत कामाला लागला आणि चक्की उभी राहिल्यावर चक्कीवर. त्याच्या मेहुण्यानं पुढे लिहून ठेवलं आहे, की चक्कीच्या कामाचा त्याला जाच वाटे. पण चाळिशीपर्यंत ते त्याला सुटलं नाही.

१८१७ मध्ये वडिलांनी चक्कीला लागूनच घर बांधलं आणि कुटुंब स्नेंटनला राहायला आलं. ग्रीन चक्कीच्या वरच्या मजल्यावर बसून अभ्यास करायचा असं तिथं सांगतात. वर चढून पाहिल्यावर मला ते पटलं. पाती फिरत असली की तिथं एक संथ घरघर असते आणि कुणी सहजासहजी वर येत नाही.

पण अभ्यास कशाचा करणार? पुस्तकं कुठून आणणार? इथं या कथेतली दुसरी वास्तू येते. नॉटिंगहॅममध्ये १८१६ मध्ये वर्गणीदारांनी चालवलेलं एक वाचनालय सुरू झालं होतं. आपल्याकडच्या जुन्या नगर वाचनालयांसारखंच म्हणा. १८२३ मध्ये तीस वर्षांचा ग्रीन त्याचा सभासद झाला. डॉक्टर, वकील, व्यापारी अशा मंडळींत एक गिरणीवाला. ते वाचनालय ब्रॉमली हाऊस या इमारतीत आजही चालू आहे.

त्या काळात इंग्लंडचं गणित मागे पडलेलं होतं. न्यूटन आणि लायब्निझ यांच्या वादानंतर इंग्रजांनी न्यूटनची चिन्हं हट्टानं धरून ठेवली आणि युरोप लायब्निझच्या सोयीच्या चिन्हांवर कितीतरी पुढे निघून गेला. हे बदलावं म्हणून १८१२ मध्ये केंब्रिजच्या काही विद्यार्थ्यांनी 'अ‍ॅनालिटिकल सोसायटी' काढली. तिच्यात चार्ल्स बॅबेज होता, ज्याला माझ्या व्यवसायातले लोक संगणकाचा आजोबा मानतात. तिच्यात एडवर्ड ब्रॉमहेड नावाचा एक तरुणही होता. हे नाव लक्षात ठेवा. तिकडे नॉटिंगहॅमच्या ग्रामर स्कूलचे मुख्याध्यापक जॉन टॉप्लिस यांनी लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या ग्रंथाच्या पहिल्या भागाचं इंग्रजी भाषांतर १८१४ मध्ये नॉटिंगहॅममध्येच छापलं होतं. म्हणजे केंब्रिजच्या अनेक प्राध्यापकांना जे नवं गणित परकं होतं, ते ग्रीनच्या गावात एका शाळामास्तरामुळे पोचलेलं होतं.

मार्च १८२८ मध्ये ग्रीननं स्वखुशीनं, कुणी मागितलं नसताना, एक निबंध छापला. विषय : विद्युत आणि चुंबकत्व यांच्या सिद्धांतांना गणिती विश्लेषण कसं लावावं. आगाऊ वर्गणीदार मिळाले ५१. त्यांतले बरेचसे वाचनालयाचेच सभासद. किंमत साडेसात शिलिंग. गरीब कामगाराची जवळपास आठवड्याची कमाई. प्रस्तावनेत त्यानं वाचकांची क्षमा मागितली आहे : लेखकाला इतर कामांतून सवड काढून मिळेल तेवढंच ज्ञान मिळवता आलं, तेव्हा सांभाळून घ्यावं, अशा अर्थानं. आतलं गणित त्या ५१ पैकी किती जणांना कळलं असेल? तरी त्यांनी आपल्या गावच्या गिरणीवाल्याचं पुस्तक पदरचे पैसे देऊन घेतलं.

या निबंधात होतं काय? वर्गातले वाणिज्य शाखेचे मित्र पान उलटण्याआधी दोनच गोष्टी सांगते. पहिली : डोंगरउतारावर पाणी कुठे वाहील हे प्रत्येक ठिकाणी बाण काढून दाखवता येतं. किंवा प्रत्येक ठिकाणाची नुसती उंची लिहून ठेवली तरी चालतं. उंची माहीत असली की बाण आपोआप निघतात. विजेच्या बाबतीत अशी 'उंची' मोजणाऱ्या राशीला ग्रीननं 'पोटेन्शियल' हे नाव दिलं. घरातल्या मिक्सरवर आपण जे व्होल्टेज वाचतो ते या राशीतलाच फरक. दुसरी : तळ्यात एका जागी एक खडा टाकला तर पाणी कसं हलेल हे नेमकं माहीत आहे असं समजा. मग मूठभर खडे इकडेतिकडे टाकले तर काय होईल, यासाठी नवं कोडं सोडवायला नको. एकेका खड्याचं उत्तर घ्या आणि बेरीज करा. या 'एका खड्याच्या उत्तराला' आज ग्रीनचं फलन म्हणतात. भूकंपाच्या लाटांपासून अणूंच्या आतल्या कणांपर्यंत ते वापरलं जातं.

आणि आपलं एम-थ्रीचं प्रमेय? ते ज्या रूपात आपण घोकलं, त्या रूपात या निबंधात नाहीच. सपाट प्रतलावरचं ते रूप १८४६ मध्ये कोशी या फ्रेंच गणितज्ञानं छापलं. ग्रीनच्या निबंधात आहेत ती त्याची त्रिमितीतली भावंडं. पण गाभा तोच : एखाद्या प्रदेशाच्या आत सगळीकडे जे चाललं आहे, त्याची सांगड त्याच्या सीमेवर जे चाललं आहे त्याच्याशी घालता येते.

वर्गणीदारांत एकच नाव असं होतं, ज्याला निबंधाचं मोल कळलं. लिंकनजवळच्या थर्लबी इथले जमीनदार सर एडवर्ड ब्रॉमहेड. तेच, बॅबेजचे मित्र. त्यांनी लगेच ग्रीनला पत्र लिहिलं : पुढचं जे काही लिहाल ते माझ्याकडे पाठवा, मी ते विद्वानांच्या संस्थांकडे पोचवतो.

ग्रीननं या पत्राला उत्तर दिलं नाही. एक महिना नाही, दोन नाही, जवळजवळ पावणेदोन वर्षं.

कारण त्यानं नंतर स्वतःच कळवलं. ओळखीच्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की असली पत्रं मोठी माणसं सौजन्य म्हणून लिहितात, ती खरी मानायची नसतात, आणि गिरणीवाल्यानं अशा माणसाला उलट लिहिणं आगाऊपणाचं दिसेल. त्यानं ते ऐकलं. जानेवारी १८३० मध्ये त्याचा गैरसमज दूर झाला आणि त्यानं संकोचत संकोचत ब्रॉमहेडना पत्र घातलं. ब्रॉमहेडनी राग धरला नाही. थर्लबीला जाणं-येणं सुरू झालं. ग्रीनचे पुढचे निबंध ब्रॉमहेडच्या खटपटीनं केंब्रिज आणि एडिंबरामध्ये प्रसिद्ध झाले.

मधल्या काळात, १८२९ च्या जानेवारीत, वडील वारले होते. चक्की आता त्याची होती, आणि ती चालवायला दुसऱ्याला देण्याची मोकळीकही. ब्रॉमहेडच्या सांगण्यावरून १८३३ मध्ये ग्रीन केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात दाखल झाला. वय वर्षं चाळीस. आजूबाजूला अठरा-वीस वर्षांची पोरं. लॅटिन आणि ग्रीक कच्चं, कारण ते शिकायला शाळाच नव्हती. १८३७ च्या गणिताच्या अंतिम परीक्षेत तो चौथा आला. कालव्यातल्या लाटा, ध्वनी, प्रकाशाचं परावर्तन यांवर त्यानं एकामागून एक निबंध लिहिले. १८३९ मध्ये कॉलेजचा फेलो झाला.

आणि इथंच एक गोष्ट सांगायची राहिली आहे, जी बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकतात. चक्कीचे व्यवस्थापक विल्यम स्मिथ यांची मुलगी जेन. तिला आणि ग्रीनला १८२४ पासून १८४० पर्यंत सात मुलं झाली. लग्न त्यांनी कधीच केलं नाही. वडिलांना हे संबंध पसंत नव्हते असं म्हणतात. पुढे फेलो होण्यासाठी अविवाहित असणं ही कॉलेजची अटच होती. म्हणजे कागदोपत्री ग्रीन एकटा होता, आणि त्या कागदाच्या जोरावर त्याला केंब्रिजमध्ये जागा मिळाली. त्या एकटेपणाची किंमत जेननं गावात राहून भरली. मुलं वाढवली तिनं. गावानं पुढे तिला 'मिसेस ग्रीन' म्हणायला सुरुवात केली, एवढंच. ग्रीनच्या यशाला हातभार लावणाऱ्यांची यादी केली तर ब्रॉमहेडच्या आधी मी तिचं नाव लिहीन.

फेलोशिपचं सुख त्याला लाभलं नाही. तब्येत ढासळल्यानं १८४० मध्ये तो नॉटिंगहॅमला परतला आणि ३१ मे १८४१ रोजी वारला. वय ४७. स्नेंटनच्या सेंट स्टीफन चर्चच्या आवारात, चक्कीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्याला पुरलं. स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. तोपर्यंत गॉससारख्या गणितज्ञांनी त्यातलं बरंचसं स्वतंत्रपणे शोधून काढलं होतं. त्यांना निबंधाची खबरही नव्हती.

निबंध वाचला तो एका विद्यार्थ्यामुळे. केंब्रिजचा वीस वर्षांचा विल्यम थॉमसन, पुढचा लॉर्ड केल्व्हिन, एका लेखात ग्रीनच्या निबंधाचा उल्लेख वाचून तो शोधत होता. कुठल्याही दुकानात मिळेना. जानेवारी १८४५ मध्ये पॅरिसला निघण्याच्या आदल्या दिवशी त्यानं सहज आपले शिक्षक हॉपकिन्स यांना विचारलं. ते म्हणाले, माझ्याकडे आहेत की प्रती! त्यांच्याच कपाटात होत्या. थॉमसननं त्या वाटेत वाचून काढल्या आणि पॅरिसमधल्या गणितज्ञांना दाखवल्या. त्यांतले स्टर्म हे ज्येष्ठ गणितज्ञ धापा टाकत जिने चढून त्याच्या खोलीवर आले आणि पानं चाळता चाळता स्वतःचंच एक प्रमेय आधीच तिथं छापलेलं पाहून थक्क झाले. १८५० पासून हा निबंध बर्लिनच्या 'क्रेले'च्या नियतकालिकात तीन भागांत पुन्हा छापला गेला आणि जगापुढे आला. लिहून झाल्यावर बावीस वर्षांनी.

चक्कीचं काय झालं? वाफेच्या गिरण्या आल्या आणि १८६० च्या दशकात स्नेंटनची पाती थांबली. टोपी सडली. १९२० च्या सुमारास एका स्थानिक वकिलानं मनोरा विकत घेऊन त्यावर तांब्याची टोपी बसवली, म्हणून भिंती तरी वाचल्या. नंतर तिथं पॉलिश बनवण्याचा कारखाना होता. १९४७ मध्ये आग लागली आणि विटांचं नुसतं नळकांडं उरलं. ते पाडायच्या गोष्टीही झाल्या. १९७४ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी पुढाकार घेऊन निधी उभा केला, मग नगरपालिका पुढे आली. १९८५ मध्ये ही जागा विज्ञानकेंद्र म्हणून उघडली आणि पुढच्या वर्षी सव्वाशे वर्षांनी पुन्हा पीठ पडलं. ग्रीनचं चरित्र लिहिलं मेरी कॅनेल यांनी. त्यांचं सारं आयुष्य शिक्षणक्षेत्रात गेलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी हे काम हाती घेतलं. १९९३ मध्ये, जन्माला दोनशे वर्षं झाल्यावर, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये न्यूटनच्या समाधीजवळ ग्रीनच्या नावाची फरशी बसवली. फॅरडे, मॅक्सवेल आणि केल्व्हिन यांच्या शेजारी. नोबेलविजेते ज्यूलियन श्विंगर त्या वर्षी नॉटिंगहॅमला आले आणि आपलं आयुष्यभराचं संशोधन ग्रीनच्या फलनाच्या आधारानं कसं झालं यावर बोलले. फक्त त्या समारंभात लावायला ग्रीनचा फोटो नव्हता. त्याचं एकही चित्र कुठे नाही.

ही गोष्ट सहसा 'स्वतःच्या बळावर शिकलेला अलौकिक माणूस' अशी सांगतात. बुद्धी त्याचीच होती, त्यात वाद नाही. पण मला त्यात माणसंच माणसं दिसतात. चारच सत्रं मिळाली तरी गणिताची गोडी लावणारे गुडेकर. फ्रेंच पुस्तक गावात आणणारे टॉप्लिस. वर्गणी भरणारे ५१ जण. चक्की सांभाळणारा स्मिथ आणि घर सांभाळणारी जेन. पत्र लिहिणारे आणि दोन वर्षं उत्तर न येऊनही दार बंद न करणारे ब्रॉमहेड. आणि उलट बाजूला तो एक सल्लागार : "ते नुसतं सौजन्य आहे, तू आपल्या पायरीनं राहा." त्याच्या मनात वाईट नसेलही. पण ४७ वर्षांच्या आयुष्यातली पावणेदोन वर्षं त्या एका वाक्यानं खाल्ली. असली वाक्यं आपण मुलांना, हाताखालच्यांना, घरकामाला येणाऱ्या बाईच्या हुशार पोरीला किती सहज ऐकवतो, ते मी आता स्वतःला विचारते.

आणि आता आपल्या मेळाव्याबद्दल. आपली यादी दहावीच्या निकालपत्रावरून केली आहे, ते सोयीचंही आहे. पण गुडेकरांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला असता आणि यादी अशाच रीतीनं केली असती, तर ग्रीनला बोलावणं गेलं नसतं. पाचवीला आपल्याबरोबर असलेले सगळेच दहावीपर्यंत आले नाहीत. माझ्या शेजारी बसणारी मुलगी आठवीनंतर आलीच नाही. भूमितीतल्या रचना मी तिच्याच वहीत बघून शिकले होते. ती का येत नाही हे मी तेव्हा कुणालाही विचारलं नाही. तिच्यातून कोण घडलं असतं असले अंदाज मला बांधायचे नाहीत. ती आपल्या वर्गात होती, एवढं मेळाव्याला बोलावण्यासाठी पुरेसं आहे.

शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टर आहे. त्यात प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाचं नाव आहे आणि शाळा सोडल्याची तारीखही. मी संयोजकांशी बोलले आहे. मेळाव्याला अजून वेळ आहे. रजिस्टर पाहून मधेच शाळा सोडलेल्यांची यादी करायला ते तयार आहेत. मला आठवली ती तीन नावं मी कळवली. तुम्हाला आठवतील ती तुम्ही कळवा. आदरणीय सर आणि बाईंना तर आमच्यापेक्षा जास्त आठवत असतील. पत्ते शोधायचं काम माझ्याकडे लागलं आहे.